मुसोंडाचा दुसरा नमुना

चौथ्या महिन्यात आकडा खाली आला होता.
मुसोंडा हसली. म्हणाली,
बघ, बाळानेच धुऊन काढलं मला.
मी तेव्हा बोलले नाही
की या दिवसांत रक्ताचं पाणी होतं,
कष्टाने नव्हे, अगदी खरोखरच:
अंगात पाणी चढतं,
आणि तेवढंच शिसं जास्त पाण्यात
कमी दिसतं.

आज आठवा लागलाय.
कबवेच्या या दवाखान्यात पंखा कुरकुरत फिरतो,
बाहेर बाकावर चितेंगे नेसलेल्या सात जणी,
त्यांतली एक झोपलेली.
मी मुसोंडाच्या बोटाला टोचते,
थेंब घेते, पट्टी यंत्रात सरकवते.
तीन मिनिटं.

या तीन मिनिटांत आम्ही नेहमी फालतू काहीतरी बोलतो.
आज तिला मातीचे डोहाळे.
बाजारात कोपऱ्यावर बसते ना ती म्हातारी,
तिच्याकडची, भाजलेली, बोटांएवढे तुकडे केलेली.
नुसत्या वासाने तोंडाला पाणी सुटतं गं.
कुठली माती? मी विचारते.
लांबची, ती म्हणते. इथली कोण खाईल?

इथली आपण खाल्लीय, मुसोंडा.
खाण आपल्या जन्माआधीच बंद झाली,
ढिगारा मात्र कोणी बंद केला नाही.
मक्याच्या पिठाचं रिकामं पोतं, त्यावर
पुढे तू, मागे तुझ्या कमरेला मिठी मारून मी,
आणि तो काळा उतार.
रात्री जेवताना दाढेखाली कचकच.
एकदा चांदीसारखी चमकणारी कपची
तू केसांत खोवून शाळेत आलीस
आणि बाईंनी तुला उन्हात उभं केलं.

तेव्हाच शिरलं ते, कॅल्शियमचं सोंग घेऊन.
हाडांना चेहरे ओळखता येत नाहीत.
आपल्यातलाच दिसतोय, म्हणत
त्यांनी जागा करून दिली,
आणि ते तिथे निजून राहिलं,
तुझी शाळा सुटली, आई गेली,
कॉस्मास आला, तरी निजलेलंच.
आता पोटातला मागतोय:
बरगडी दे, मांडी दे, कवटी दे.
तू जेवतेस त्यात भागेना,
तर तुझ्या हाडांनी कोठार उघडलं.
कोठारातलं मापाने द्यायचं म्हटलं
तरी दाण्याबरोबर खडा जातोच.

यंत्राने सांगितलं.
अकराने जास्त.

पण मी अंगण ओलं करूनच झाडते, ती म्हणते,
भांडी पालथी घालते, चपला दाराबाहेर,
कॉस्माससुद्धा हात धुतल्याशिवाय पोटाला हात लावत नाही.
मग हे येतंय कुठून?

या नोकरीत मी पुष्कळ वाक्यं बोलायला शिकले.
कपेंटा काट्यासकट खा.
लोहाची गोळी चुकवू नकोस,
लोह कमी पडलं की आतडं उतावीळ होतं,
लोहाच्या नावाखाली नको त्यालाही आत घेतं.
माती नको, लांबचीही नको.
ही सगळी बोलले.
मग म्हणाले, तुझ्यातूनच.

ती बराच वेळ बोटावरचा कापूस बघत राहिली.
मग विचारलं, आणि तुझ्यात?

मी उत्तर दिलं नाही. पुढचं नाव पुकारलं.

माझ्यात आहे, मुसोंडा.
लग्नाला सहा वर्षं झाली,
माझ्याकडे अजून कोणी काही मागितलेलं नाही,
म्हणून ते निजलंय.
सासू दर महिन्याला मोजते. मीही मोजते,
आणि काही महिन्यांत, कोणाला सांगू नकोस,
हायसं वाटतं.

रजिस्टर ओढून मी तारीख घालते, आकडा लिहिते,
शिसपेन्सिलने. नावालाच,
तिच्यात शिसं नसतं.
खोडलं तर पुसलं जातं तिचं.

दारातून ती परत वळली,
डोकं आत घालून म्हणाली,
तू मागे बसायचीस
आणि डोळे मिटून घ्यायचीस.